गाडीची रेस अडकते कशी, ओळखावी कशी आणि टाळावी कशी

कुरखेडा आणि कोरची तालुक्यांतला कापडाचा किरकोळ धंदा आजही बऱ्याच अंशी आठवडी बाजारांवर उभा आहे. गावात दुकान असले तरी माल बाजाराला न्यावाच लागतो आणि तो नेण्याचे आम्हा लहान व्यापाऱ्यांचे साधन म्हणजे दुचाकी. पूर्वी सायकल होती, मग लुना आली, नंतर एम-८० आली आणि आता बहुतेकांच्या दारात टीव्हीएस एक्सएल उभी असते. पायदानावर लुगड्यांचा गठ्ठा, मागची सीट काढून तिथे आणखी दोन गठ्ठे, हँडलला टॉवेल-पंचांची पिशवी, अशा थाटात ही गाडी पुराड्यावरून कोरचीला जाते, मालेवाड्याला जाते, वडशाहून माल घेऊन परत येते.

या गाडीचा टायर फुटला तर माणूस थांबतो. चेन तुटली तर गाडी ढकलत नेतो. रेस अडकली तर मात्र थांबणेच हातात राहत नाही. बेडगावच्या घाटात, उतारावर, दीड-दोनशे किलो वजन घेऊन चाललेल्या गाडीची मूठ सोडूनही इंजिनाचा जोर कमी झाला नाही, म्हणजे काय होईल हे व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा आजार एका दिवसात येत नाही. तो आठ-पंधरा दिवस आधीपासून खुणा देतो. त्या खुणा वाचता याव्यात म्हणून हा लेख आहे.

आधी रेस चालते कशी ते समजून घेऊ. उजव्या हाताची मूठ फिरवली की तिच्या आतली बारीक तार ओढली जाते. ही तार एका नळीतून कार्बोरेटरपर्यंत जाते. तारेला आपले मिस्त्री इनर म्हणतात, नळीला आउटर. कार्बोरेटरमध्ये एक छोटा दट्ट्या असतो, त्याला स्लाइड म्हणतात. तार ओढली की स्लाइड वर उचलली जाते, हवेचा रस्ता मोकळा होतो, हवेबरोबर पेट्रोल जास्त ओढले जाते आणि इंजिन जोर धरते. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पुढची गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. मूठ सोडल्यावर स्लाइड खाली बसते ती तारेमुळे नव्हे, तर तिच्या डोक्यावर बसवलेल्या एका स्प्रिंगमुळे. तीच स्प्रिंग स्लाइड खाली दाबते, तीच तार परत ओढून घेते आणि तीच मूठ उलटी फिरवते. एवढे सगळे काम बोटभर लांबीच्या एका स्प्रिंगवर आहे. या वाटेत कुठेही घासण वाढली, की रेस देताना काहीच कळत नाही, कारण देताना आपल्या मनगटाचा जोर असतो. कळते ते सोडताना, कारण सोडताना फक्त स्प्रिंगचा जोर उरतो.

मोठ्या मोटारसायकलींना म्हणूनच दोन तारा असतात. एक रेस उघडते, दुसरी बंद करते. स्प्रिंग कमी पडली तरी चालवणारा मूठ उलट दिशेने जोराने फिरवून स्लाइड बंद करू शकतो. आपल्या लहान गाड्यांना एकच तार असते. तिथे तार नळीत अडकली असेल तर मूठ उलटी फिरवून उपयोग होत नाही, मूठ एकटी मागे येते आणि स्लाइड वरच राहते. मूठच हँडलवर घासत असेल तर मात्र उलटी फिरवून काम भागते.

अमेरिकेत मोटारगाड्यांच्या रेसबद्दल १९७३ पासून एक नियम आहे. रेस मागे आणणारी शक्ती किमान दोन जागांहून मिळाली पाहिजे, म्हणजे एक स्प्रिंग तुटली तरी दुसरीने काम केले पाहिजे. शिवाय साध्या हवामानात पाय काढल्यापासून एका सेकंदाच्या आत रेस खाली आली पाहिजे. आपल्या एक्सएलला हा नियम लागू नाही, पण एका सेकंदाची ही कसोटी कोणालाही आपल्या दारात लावता येते.

क्लच नसलेली गाडी

एम-८० ला क्लच होता. रेस अडकली तर डावा हात दाबला की इंजिन ओरडत राही, पण चाकाला जोर मिळत नसे. साध्या मोटारसायकलचेही तसेच. लुना आणि एक्सएल यांची बनावट निराळी आहे. त्यांचा क्लच आपोआप चालणारा आहे. इंजिनाचा वेग वाढला की तो धरतो आणि वेग कमी झाला की सोडतो. चालवायला सोपे म्हणून ही गाडी बायकामाणसांनी आणि म्हाताऱ्यांनीही आपलीशी केली. पण रेस अडकली असेल तर इंजिनाचा वेग कमीच होत नाही, त्यामुळे क्लच सुटत नाही आणि हाताने सोडवायला दांडी नसते. डाव्या हातात आहे तो मागचा ब्रेक. म्हणजे या गाडीत इंजिन आणि चाक यांची ताटातूट करण्याचा एकच रस्ता उरतो, इंजिन बंद करणे.

म्हणून एक्सएलवाल्याने चावी, किंवा नव्या गाडीत बंद करण्याचे बटण, न बघता हाताला सापडेल इतके सवयीचे करून ठेवावे. गाडी उभी असताना डोळे मिटून दहा वेळा हात नेऊन पाहावा. चावीला मोठा जुडगा, गोंड्याची दोरी, नाहीतर दुकानाच्या कुलपाची किल्ली लटकवू नये. ऐन वेळी हातात जुडगाच येतो.

प्रत्यक्ष प्रसंग आला तर मूठ एकदा जोराने उलटी फिरवून पाहावी. त्यात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घालवू नये. लगेच इंजिन बंद करावे आणि दोन्ही ब्रेक एकदम, घट्ट दाबावेत. थोडा थोडा ब्रेक धरत चालू ठेवणे हे सर्वांत वाईट. इंजिन जोर लावत असताना ब्रेक घासत राहिला तर लायनर तापतात, आणि तापलेले लायनर उतारावर धरत नाहीत. चावी फिरवून इंजिन बंद केल्याने दुचाकीचे हँडल लॉक होत नाही, त्यासाठी हँडल वळवून चावी मुद्दाम लॉकच्या खुणेवर न्यावी लागते, तेव्हा ही भीती बाळगू नये. रात्रीच्या वेळी एक गोष्ट मात्र ध्यानात असावी. बऱ्याच जुन्या गाड्यांचा दिवा इंजिनावर चालतो. इंजिन बंद होताच अंधार होतो. रस्ता नजरेत धरून, हँडल सरळ ठेवून मगच चावीला हात घालावा.

पेट्रोलचा कॉक बंद करणे हा उपाय नव्हे. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढे पेट्रोल आहे तेवढ्यावर गाडी बरेच अंतर धावते. तसेच रेस अडकलेली गाडी मेन स्टँडवर लावून इंजिन चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. मागचे चाक भरधाव फिरते, आणि आपल्या धंद्यात अंगावर लुंगी, खांद्यावर रुमाल आणि गाडीवर लोंबणारे कापड असते.

तपासणी

तपासणीला अवजार लागत नाही. इंजिन बंद असावे आणि गाडी मेन स्टँडवर. मूठ पूर्ण फिरवावी आणि एकदम सोडून द्यावी. ती स्वतःहून मागे आली पाहिजे आणि शेवटी टप असा आवाज झाला पाहिजे. आवाज येतो का हे महत्त्वाचे. मूठ मागे आली पण हळूच, पाहुणा उंबऱ्यात घुटमळावा तशी शेवटच्या पेराशी थांबली, तर आजार सुरू झाला असे समजावे. हीच परीक्षा हँडल पूर्ण डावीकडे वळवून आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून करावी. सरळ हँडलवर चांगली चालणारी मूठ वळवल्यावर अडकत असेल तर तार कुठेतरी दबते आहे.

मग इंजिन चालू करून, मूठ न फिरवता, हँडल सावकाश दोन्ही बाजूंना वळवावे. इंजिनाचा आवाज बदलता कामा नये. हँडल वळवताच रेस आपोआप वाढत असेल तर तार आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. मुठीला थोडी ढील असावीच लागते. साधारणपणे मुठीच्या कडेवर मोजली तर दोन ते सहा मिलिमीटर. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. काही जणांना मूठ ताठ आवडते म्हणून ते ही ढील पूर्ण काढून टाकायला सांगतात. मग वळणावर गाडी स्वतःच्या मर्जीने धावते.

दोष आहे एवढे कळल्यावर तो तीन जागांपैकी कुठे आहे हे शोधायचे. मुठीत, तारेत की कार्बोरेटरमध्ये. इथे बहुतेक ठिकाणी अंदाजाने काम होते. मिस्त्री आधी कार्बोरेटर खोलतो, पेट्रोलने धुतो, बसवतो, पैसे घेतो, आणि चार दिवसांनी तक्रार परत येते. खरी रीत अशी की इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरचे झाकण उघडावे, स्लाइड बाहेर काढावी आणि तारेतून मोकळी करावी. आता तार दोन्ही टोकांनी पुढे-मागे ओढून पाहावी. लोण्यातून जावी तशी गेली पाहिजे. खरखर लागली तर दोष तारेत. तार मोकळी असेल तर मूठ नुसती फिरवून पाहावी. ती घासत असेल तर दोष मुठीत. दोन्ही चांगल्या असतील तर स्लाइड तारेशिवाय आपल्या घरात हाताने वर-खाली करून पाहावी. ती आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे. या तपासणीला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पैसे चुकीच्या जागी जात नाहीत.

मुठीचे दोष साधे असतात. रबर सरकून टोकाला घासते. पडल्यामुळे हँडलचे टोक वाकते. ब्रेकच्या दांडीचा पट्टा मुठीला चिकटून बसतो. आत धूळ आणि घाम यांचे कीट जमते. आमच्या धंद्यातला खास दोष म्हणजे सूत. ठाणाच्या कडेचे सुटलेले धागे, गठ्ठ्याची सुतळी, कापडाचा भुसा हे सगळे हवेने उडून मुठीच्या खाचेत जाऊन बसते आणि फिरता फिरता नळीभोवती गुंडाळले जाते. बाहेरून काही दिसत नाही. मूठ खोलली की आत चरख्यावर कातल्यासारखा सुताचा वेढा निघतो. मूठ काढून, नळी कोरड्या फडक्याने पुसून, अगदी पातळ ग्रीसचा हात फिरवला की काम झाले.

तारेचे दोष जास्त आणि जास्त धोक्याचे. तार ही एकसंध नसते, अनेक बारीक तंतूंचा पीळ असतो, जशी सुताची दोरी. ती तुटते ती एकदम नाही. मुठीपाशी जिथे तिला शिशाची गोळी असते तिथे वाकून वाकून एक तंतू तुटतो, मग दुसरा. तुटलेला तंतू ताठ उभा राहतो आणि नळीच्या तोंडाशी काट्यासारखा अडकतो. रेस उघडताना तो आडवा होऊन बाहेर येतो, मागे जाताना रुततो. म्हणून एक जरी तंतू तुटलेला दिसला तरी तार बदलावी. तुटलेले तंतू कापून टाकून गाडी चालवणे, किंवा तुटलेल्या तारेला विजेच्या वायरची क्लिप लावून जोडणे, हे घरी पोचण्यापुरतेसुद्धा आम्हाला पसंत नाही. त्या जोडाचे टोक नळीच्या तोंडात शिरून अडकले की रेस उघडी राहते.

तार बाजारात घ्यायला गेल्यावर कापड पारखतो तशी पारखावी. नुसता पुडा बघू नये. नळी हातभर व्यासाच्या गोलात वाकवून आतली तार ओढावी. वाकलेल्या नळीतही ती सहज सरकली पाहिजे. गोळी तारेवर घट्ट बसलेली, झाळलेली असावी. जुन्या तारेशी लांबी जुळवावी, इनरची आणि आउटरची वेगवेगळी. नकली मालात आउटर बोटभर आखूड निघतो आणि हँडल वळवताना त्याचा हिशेब चुकता होतो. अस्सल तार एखाद-दोन चांगल्या टॉवेलांच्या किमतीत मिळते. एक जादा तार गाडीच्या डब्यात ठेवावी, शिवाय ती बदलायला लागणारा पाना आणि पक्कड.

कार्बोरेटरमधले दोष तीन-चार प्रकारचे. एअर फिल्टर फाटला किंवा काढून टाकला असेल तर बारीक रेती आत जाते आणि स्लाइडवर ओरखडे पडतात. एप्रिल-मेमध्ये मुरमाच्या रस्त्याने ट्रॅक्टरच्या मागे मागे जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पंधरा दिवसांत लाल होतो. फिल्टरमुळे गाडी ओढत नाही असे म्हणून तो काढून फेकणारे आम्ही पाहिले आहेत. गाडी ओढू लागते खरी, पण स्लाइड आणि पिस्टन दोन्ही खाते. दुसरा दोष पेट्रोलच्या चिकट्याचा. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे रोगणासारखा थर राहतो. त्यात स्लाइड चिकटते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशी दिसते ती यामुळेच. तिसरा दोष माणसाच्या हातचा. स्लाइडला एका बाजूने खाच असते, ती घरातल्या खुंटीवर बसवावी लागते, आणि तिचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरकडे असावा लागतो. ती उलटी कोंबली किंवा कार्बोरेटरचे नट गरजेपेक्षा जास्त आवळले, तर घर किंचित वाकडे होते आणि स्लाइड गरम झाल्यावर धरते. सकाळी चांगली असलेली गाडी पाच-सात किलोमीटरनंतर अडकू लागली आणि थंड झाल्यावर पुन्हा सुधारली, तर संशय इकडे घ्यावा.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मूठ जड लागते, मनगट दुखते, अशी तक्रार घेऊन गेले की काही कारागीर स्प्रिंगचे दोन वेढे कापून देतात. मूठ लगेच हलकी होते आणि गिऱ्हाईक खूष होते. आमच्या ओळखीच्या एका फेरीवाल्याच्या गाडीला एका मिस्त्रीने हे केले होते आणि पहिल्याच पावसात, तारेत थोडा चिखल जाताच, त्याची रेस वर राहू लागली. जड मुठीचे खरे कारण बहुधा कोरडी किंवा मुरडलेली तार असते. ते दुरुस्त न करता स्प्रिंग कापणे म्हणजे तराजूत खोट आहे म्हणून वजनच घासून कमी करण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. मूठ टप आवाज करून मागे येते, तार मोकळी, स्लाइड मोकळी, तरी इंजिन ओरडत राहते. ही रेस अडकणे नव्हे. इथे इंजिन कुठूनतरी जादा हवा ओढते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग फुटलेले असते, रबराला चीर गेलेली असते किंवा नट ढिले असतात. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाल्याने इंजिन तापते. जुन्या टू-स्ट्रोक एक्सएलमध्ये तर तेल पेट्रोलातूनच जात असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि शेवटी पिस्टन जाम. तेव्हा ही तक्रारही पुढच्या बाजारावर ढकलू नये. त्याआधी दोन क्षुल्लक गोष्टी बघून घ्याव्यात. सकाळी लावलेला चोक तसाच राहिला आहे का, आणि कोणी रेसचा स्क्रू फिरवून ठेवला आहे का. बाटलीतल्या पेट्रोलाला मात्र या बाबतीत उगाच दोष दिला जातो. त्यातल्या कचऱ्याने जेट बंद होतो, गाडी झटके देते, पेट्रोल गळते. स्लाइड अडकण्याशी त्या कचऱ्याचा संबंध क्वचितच असतो.

माल कसा बांधावा

रेस अडकण्याची जी कारणे वर सांगितली ती कोणाच्याही गाडीला लागू आहेत. पण व्यापाऱ्याच्या गाडीत आणखी एक कारण असते ते म्हणजे माल स्वतः. तार उजव्या हातापासून निघून हँडलच्या मध्यावरून, दिव्याच्या मागून खाली जाते. आपण पिशवी अडकवतो ती नेमकी तिथेच. आठ-दहा किलोची पिशवी तारेवर लोंबली की आउटर चपटा होतो, त्याला कोन पडतो आणि तो कोन पिशवी काढल्यावरही राहतो. पायदानावरचा गठ्ठा उंच झाला तर हँडल वळवताना तार गठ्ठ्याच्या कडेला घासते. ताडपत्रीची दोरी हँडलवरून फिरवून बांधणारे तर तारेलाच गाठ मारतात. गठ्ठा हँडलच्या खाली एक वीत तरी राहावा, पिशवी हँडलऐवजी मागच्या कॅरियरच्या कड्याला लावावी आणि दोरी फक्त चौकटीला बांधावी. माल बांधून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मुठीची परीक्षा पुन्हा करावी. रिकाम्या गाडीची परीक्षा भरलेल्या गाडीला चालत नाही.

चारचाकीतही कापड अडचण करू शकते. छोटा हत्ती किंवा मॅजिक घेतलेले काही व्यापारी ड्रायव्हरच्या पायाखाली जुनी सतरंजी नाहीतर पोते टाकतात. ते सरकून रेसच्या पॅडलवर चढते. ही किरकोळ गोष्ट नाही. टोयोटासारख्या कंपनीने २००९ मध्ये अमेरिकेत अडतीस लाखांच्या आसपास गाड्या याच कारणासाठी परत तपासायला काढल्या. पायाखालची चटई पॅडलमध्ये अडकत होती. पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये आणखी तेवीस लाख गाड्यांसाठी तशीच हाक दिली, कारण पॅडलचा आतला भाग झिजून चिकटत होता. दोष गाडीच्या संगणकात असेल असा लोकांचा संशय होता. अंतराळ संस्था नासाच्या अभियंत्यांनी तो तपासला आणि २०११ च्या अहवालात तसा दोष सापडला नसल्याचे म्हटले. चारचाकीत असा प्रसंग आला तर गाडी न्यूट्रल करावी, ब्रेक घट्ट दाबावा आणि चावी पूर्ण काढू नये, कारण तिथे चावी काढली की स्टेअरिंग लॉक होऊ शकते.

परदेशात शेतावर आणि जंगलात चार जाड चाकांची एक गाडी वापरतात. तिला एटीव्ही म्हणतात. आपल्याकडे ती लोणावळा-महाबळेश्वरला हौशी लोकांना फेरी मारायला ठेवलेली असते. तिची रेस मुठीने नाही, अंगठ्याने दाबायच्या छोट्या दांडीने दिली जाते, पण जुन्या बनावटीत दांडीपासून पुढे तीच तार, तीच स्लाइड, तीच स्प्रिंग. थंड देशांत तिच्या तारेत शिरलेले पाणी गोठते आणि रेस अडकते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, गंज आणि चिखल तेच काम करतात. त्या गाड्यांना हाताशी इंजिन बंद करण्याचे बटण असते आणि चालवणाऱ्याला आधी तेच शिकवतात.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

मे महिन्याच्या शेवटी, सती नदीला पूर येण्याचे दिवस सुरू होण्याआधी, तारेला तेल द्यावे. तार मुठीपाशी मोकळी करावी, नळीच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून, दोऱ्याने बांधून, त्यात पातळ मशीन तेल ओतावे, म्हणजे शिवणयंत्राला घालतो ते. तार पुढे-मागे करत राहिले की तेल उतरते. खालच्या टोकातून आधी काळे, मग स्वच्छ तेल येईपर्यंत धीर धरावा. खालचे टोक कार्बोरेटरमधून काढून बाहेर ठेवलेले असावे, नाहीतर सगळी घाण आत जाईल. जाड ग्रीस कोंबू नये. ते धूळ धरते आणि थंडीत घट्ट होते. काही नव्या तारांच्या नळीला आतून प्लास्टिकचे अस्तर असते, त्यांना कंपनी तेल देऊ नका असे सांगते. पुस्तकात तसे असेल तर तेच पाळावे. स्लाइडला तेल कधीच लावू नये, ती स्वच्छ आणि कोरडीच चांगली.

नळीच्या वरच्या टोकाला रबराची टोपी असते. ती हरवलेली असली की पावसाचे पाणी सरळ आत. ही टोपी नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून तारेने बांधावा, चालतो. गाडी धुताना मशीनचे जोराचे पाणी मुठीवर आणि कार्बोरेटरवर मारू देऊ नये. नाल्यातून गाडी काढली असेल तर त्याच संध्याकाळी मूठ दहा-वीस वेळा फिरवून, सोडून पाहावी. चिखल ओला असताना निघतो, रात्रभर वाळला की सिमेंट होतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाजार मंद असतात आणि गाडी पडवीत उभी राहते. तेव्हा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे आणि आठवड्यातून एकदा मूठ फिरवावी. पडवीत उंदीर असतील तर नळीचे प्लास्टिक कुरतडले आहे का तेही बघावे, कारण धान आणि गठ्ठे जिथे, तिथे ते असतातच.

एप्रिल २०२० नंतरच्या एक्सएलला कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तार आणि मूठ तशीच आहे, त्यामुळे वरची निम्मी तपासणी तशीच लागू. स्लाइडच्या जागी एक चकती असते, ती काजळीने चिकटू शकते. तिथे मात्र खिळा, तार किंवा पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी देऊ नये. त्या चकतीची स्थिती मोजणारा सेन्सर तिथेच असतो आणि तो बिघडला तर खर्च तारेच्या कितीतरी पट येतो. विजेवरच्या दुचाकींना तर तारही नाही, मुठीत चुंबक आणि सेन्सर असतो. पण मूठ मागे आणणारी स्प्रिंग त्यांनाही आहे आणि सुताचा वेढा त्यांच्या मुठीतही बसतो. विजेच्या गाडीचे इंजिन ओरडून सावधही करत नाही, म्हणून ती चालू करण्याआधी मूठ पूर्ण बंद आहे याची खात्री करून घ्यावी.